तू माझ्या कानाशी विचारलेलं

वालूर, ता. सेलू
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. संघप्रिया,

सप्रेम जयभीम आणि आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. घशात नळी होती त्यामुळे आवाज अजून फाटका येतो, चार वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ येते. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलंय. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज असा बसलेला पाहून तुझ्या पप्पांना आतून बरं वाटत असणार, फक्त दाखवत नाहीत. हात मात्र ठीक चालतो, म्हणून लिहायला बसले. आणि फोनवर तू तरी कुठं सापडतेस? 'गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का, बरं, ठेवते.' पत्र तुला मधेच ठेवता येणार नाही. म्हणजे ठेवशील, पण पुन्हा उचलशील.

घरचं सांगते. पप्पांनी गवंडी बोलावून घरातली फट न् फट सिमेंटनं बुजवून घेतली. उंदराचं बीळ तर सोडच, मुंगीलाही आता दारातूनच यावं लागतं. मला लोखंडी पलंग आणलाय, वर मच्छरदाणी, आणि झोपायच्या आधी ते बॅटरी घेऊन पलंगाखाली वाकून बघतात. एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा शेवटच्या फेरीनंतर गाडीत कुणी झोपून राहिलंय का हे असंच बघत असतील. जमिनीवर अंथरूण टाकायचं नाव काढायचं नाही असा हुकूम आहे. स्वयंपाकही तेच करतात. वरण बरं जमतं, भाकरीचं मात्र विचारू नकोस. शेजारच्या दिनकररावांच्या तानुबाई रोज दोन भाकरी फडक्यात बांधून आणून देतात. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, तुमच्या मालकाची भाकर आमच्या म्हशीनं बी सोडली."

वर्षावासाचं वाचन यंदा माझ्याविना संपलं. शेवटच्या दिवशी मला खुर्चीवर बसवून विहारात नेलं होतं. सगळ्या बायका जवळ येऊन हात लावून बघत होत्या, जशी काही मी नव्यानं गावात आले. पप्पांच्या चांगुणा आत्या तर माझा हात सोडेचनात. त्यांना अजून माझ्याकडं बघितलं की रडू येतं, कारण माझ्या नावानं पहिला हंबरडा त्यांनीच फोडला होता. त्याचं पुढं सांगते.

पावसानं सोयाबीन आडवं केलं, तूर तेवढी उभी आहे. शाळेत दिवाळीनंतर रुजू होईन.

तर त्या रविवारची सकाळ. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं कसं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पहाटे पोटात दुखून जाग आली. मुरडा आल्यासारखं. एकदा उलटी झाली. आदल्या संध्याकाळी विहारात खिचडी होती, मला वाटलं तीच बाधली. पप्पांनी ओवा दिला, कोमट पाणी दिलं. दिवस वर आला तरी मी अंथरुणावरच होते आणि मला कशाची काळजीही वाटत नव्हती. नुसती गळून गेल्यासारखी झोप. डोळे उघडे ठेवायचे म्हणजे कष्ट वाटायला लागले. साप चावला असेल हे मनातही आलं नाही. दुखलं नाही, सूज नाही, रक्त नाही. मला तर काही चावल्याचंच कळलं नव्हतं.

मग तुझा व्हिडिओ कॉल आला. पप्पांनी फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "बघ गं तुझ्या आईकडं, उठंनाच गेली. गॅस झालाय म्हनायली." मी तुझ्याकडं बघायला मान मागं टाकली, कारण पापण्या वर जात नव्हत्या. तू गप्प झालीस. मग तुझा आवाज बदलला. मी तुझा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आई, वर बघ. छताकडं."

बघवलं नाही.

"जीभ बाहेर काढ. पूर्ण."

निघाली नाही.

"उशीवरून डोकं उचल बरं."

डोकं उचललं गेलं नाही, तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. तू पप्पांना विचारलंस, रात्री कुठं झोपली होती? पप्पा म्हणाले, "खालीच की. उकडायलंय म्हनून पंख्याखाली सतरंजी टाकली होती." तू म्हणालीस, "पप्पा, हिला मण्यार चावलीय. खूण शोधत बसू नका, सापडणार नाही. दिनकरकाकांची गाडी काढायला सांगा आणि सरळ सेलूला सरकारी दवाखान्यात न्या. मधे कुठंही थांबायचं नाही, कुणी देवाचं म्हणालं तरी, गावातल्या डॉक्टरकडं म्हणालं तरी. गाडीत कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ बाहेर वाहू द्या. पाणी पाजू नका. चालवत नेऊ नका." पप्पा म्हणाले, "अगं पण तिला तर नुसतं पोटात…" तू म्हणालीस, "पप्पा, थोड्या वेळानं तिचा श्वास थांबेल. निघा."

मी ऐकत होते. स्वतःबद्दल असं ऐकणं विचित्र असतं. वाटलं, ही कुणाबद्दल बोलायलीय?

दिनकररावांनी गाडी जशी पळवली, तसं त्यांनी आयुष्यात कधी काही पळवलं नसेल. सेलूला डॉ. बुद्धभूषण खंदारे दारातच उभे होते, तू फोन करून ठेवला होतास. त्यांनीही तेच केलं, वर बघा, मान उचला. तोवर मला बोलणं गिळणं काहीच जमत नव्हतं. छाती वर उचलायची म्हणजे ओलं पोतं उचलायचं. सलाईनमधून विषावरचं औषध सुरू झालं. ते एका सिस्टरला म्हणाले, "औषध अंगाला भिनायला वेळ लागंल, तोवर श्वास आपण द्यायचा." मग घशात नळी आली. त्याचं वर्णन नको. पण त्या नळीतून पहिली हवा आत आली ना, ती मी विसरणार नाही.

त्यानंतर माझं सगळं बंद झालं. हात नाही, बोट नाही, पापणीचा केसही हलेना. आणि ऐकू येत होतं, संघा. लख्ख ऐकू येत होतं.

चांगुणा आत्या मागच्या गाडीनं आल्या होत्या. कुणीतरी माझी पापणी उघडून बॅटरी मारली आणि हळूच म्हणालं, बुबुळ हलंना. झालं. आत्यांनी हंबरडा फोडला, "गेली गं माझी बाई, लेकराचं तोंड बी पाह्यलं न्हाई." मी आतून ओरडत होते की मी इथंच आहे, आत्या, गप बसा. तेव्हा खंदारे डॉक्टर आले. "आजी, रडू नका. या विषात डोळे असे दगडासारखे होतात, त्यावर जायचं नाही. तुमची सून जित्ती हाय आणि तुमचं सगळं ऐकायलीय. बोलायचं असंल तर चांगलं बोला." आत्यांनी पदरानं डोळे पुसले. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "बबिता, मी न्हाई रडले गं."

परभणीला नेताना अँब्युलन्समध्ये ब्रदर रबरी फुगा दाबत होते. एक दाब म्हणजे माझा एक श्वास. त्यांचा हात भरून आला की फुगा पप्पांकडं यायचा. "काका, छाती वर आली पाहिजे, मग सोडायचं. घाई नाही." पप्पांचा दाब कधी घाईचा, कधी अपुरा पडायचा, ते मला श्वासातच कळायचं. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? गावं सांगायला सुरुवात केली. "मानवत रोड आलं गं… आता पेडगाव… पेडगाव गेलं… परभणी आली बघ." आयुष्यभर लोकांना सांगितलं तसं. त्या लयीत त्यांचा हात स्थिर झाला. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी जेवढा बोलला नसेल तेवढा त्या रस्त्यावर बोलला. मला अजून तसंच बोलतील असं वाटलं होतं, पण घरी आल्यापासून पुन्हा 'गोळी घे' आणि 'बॅटरी कुठं ठेवली.'

इथवर लिहून थांबले होते. चहा घेतला. पुढचं लिहावं की नाही हे ठरवत होते.

पाकिटावरचा पत्ता बघितलास का? आजवर लोणचं, पीठ, काहीही पाठवायचं तर मी तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवायचे, कारण तू दिवसभर तिथंच असतेस असं तू सांगायचीस. या वेळी तुझ्या खोलीचा पत्ता टाकलाय. तू आता त्या दवाखान्यात नसतेस, संघा. विमा कंपनीत दुसऱ्यांच्या आजारपणाचे कागद तपासतेस. मला माहीत आहे.

तूच सांगितलंस.

परभणीत श्वासाच्या मशीनवर होते, तू येऊन माझ्यापाशी राहिली होतीस, तेव्हा मला दिवस-वार कळत नव्हते. पण ती दुपार कळली, कारण बाहेर पाऊस लागला होता आणि पप्पांना तू जेवायला पाठवलं होतंस. तू खुर्ची ओढून बसलीस. माझा हात धरलास. मला त्यांनी झोपेचं औषध दिलेलं असायचं, तुला वाटलं मी गाढ आहे. पण त्या सकाळी ते औषध कमी केलं होतं, सिस्टर एकमेकींत बोलल्या होत्या. तू सगळं बोललीस. बांधकामावरची सविता. सकाळी नवरा घेऊन आला, पोटात दुखतंय, उलटी झाली, आज उठंनाच गेली म्हणाला. पापण्या जड होत्या, तू म्हटलंस झोप झाली नसेल. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलंस, गोळ्या लिहून दिल्यास, घरी पाठवलंस. दुपारी तो तिला खांद्यावर टाकून परत आला तेव्हा तिचा श्वास नव्हता, आणि मण्यार होती हे तुला तेव्हा कळलं. मोठे डॉक्टर म्हणाले, होतं असं, पुढच्या पेशंटकडं बघ. तू काही दिवस बघितलंस आणि मग एक दिवस राजीनामा दिलास. आम्हाला सांगितलं नाहीस, कारण पप्पा अख्ख्या वालूरला सांगत फिरतात की माझी लेक इमर्जन्सीची डॉक्टर आहे.

आणि मग माझ्या कानाशी येऊन तू विचारलंस, "आई, तिला कळत होतं का गं? मी तिला घरी पाठवलं हे, आणि आपला श्वास जायलाय हे, तिला कळत होतं का?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तू सिस्टरला म्हणालीस, पापण्या नीट मिटत नाहीत म्हणून डोळे वाहतात, मलम लावा. लावलं त्यांनी मलम.

मी बरेच दिवस विचार करतेय की तू हे मला का सांगितलंस. एकदा वाटतं, मी झोपेत आहे असं तुला खरंच वाटलं. एकदा वाटतं, तू डॉक्टर आहेस, तुला माहीत होतं की मी ऐकत असेन. आणि ऐकेल पण काही बोलू शकणार नाही, असं माणूस तुला हवं होतं. दोन्हीतलं काहीही असो, मला राग नाही. फक्त तू प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही, ते माझ्याकडं राहून गेलं. सविताला काय झालं असेल हे तुझ्या पुस्तकांत असेल, पण मी तिथं जाऊन आले आहे. तेव्हा मलाच सांगावं लागेल.

खोटं लिहिणार नाही. हो, कळतं. श्वास कमी पडायला लागतो ते कळतं. विहिरीत बुडी मारल्यावर वर यायला उशीर व्हावा तसं. नळी घालायच्या आधीचा तो थोडा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. भीती वाटते. फार वाटते. पण मग हवा अगदीच पुरेनाशी झाली तेव्हा ती भीतीही लांब गेली, पाणी शांत झाल्यासारखं झालं, आणि आवाज दूर दूर जायला लागले. मला तिथून परत आणलं. तिला कुणी आणलं नाही. पण त्या टोकाशी धडपड नव्हती, हे मी तुला माझ्या अनुभवानं सांगू शकते.

आणि तुझ्या मनात जे आहे, की ती तुला शिव्याशाप देत गेली असेल. नाही गं. तिथं रागाला जागाच नसते. मी कुणावर रागावले नव्हते, ओवा देऊन वेळ घालवणाऱ्या पप्पांवरसुद्धा नाही. तिथं माणसाला एकच हवं असतं, ओळखीचा आवाज. कुणाचाही, आपल्या माणसाचा. तो आवाज असला की आपण अजून कुठंतरी आहोत असं वाटतं. सविताचा नवरा तिला खांद्यावर घेऊन नाव घेत पळत होता असं तू म्हणालीस. म्हणजे तिला तो आवाज होता. एवढंच मला ठाऊक आहे. तिला वाचवायला हे पुरेसं नव्हतं. पण ती एकटी नव्हती.

मी वाचले म्हणून सविताचं फिटलं, असं मी म्हणणार नाही. तू माझा जीव वाचवलास आणि तिचा हातातून गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या नवऱ्याला माझ्या बरं होण्यानं काय मिळालं? तुझी चूक नव्हतीच, असंही आईच्या मायेनं म्हणू शकते, पण तू ते ऐकणार नाहीस आणि मलाही ते म्हणवत नाही.

मागच्या आठवड्यात तपासणीला सेलूला गेले होते. तुझं नाव न काढता खंदारे डॉक्टरांना विचारलं, "सर, ही मण्यार डॉक्टरांकडूनसुद्धा चुकते का हो?" ते माझा रिपोर्ट बघत होते. तो खाली ठेवला. म्हणाले, "मॅडम, माझ्याकडूनच चुकलीय. नवा होतो. म्हातारा माणूस होता, मी अर्धांगवायू समजून पुढं पाठवला. वाटेत गेला." मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? म्हणाले, "काय करणार? दोन रात्री झोपलो नाही. मग ड्यूटीवर आलो. आता सकाळच्या पारी कुणी नुसतं पोटदुखी म्हणून आलं तरी पहिला प्रश्न, कुठं झोपला होता? त्या म्हाताऱ्यानं शिकवलेला प्रश्न आहे तो." मग स्वतःच म्हणाले, "तुमच्या लेकीनं तर फोनवर ओळखली. समोर पेशंट असताना माझी चुकली होती."

 परतीच्या वाटेत दिनकररावांच्या गाडीत बसून मला एकच दिसत होतं. तू मला फोनमध्ये बघितलंस आणि गप्प झालीस, ते. तुला मी दिसत नव्हते. सविता दिसत होती. तिच्या पापण्या. तू त्या दिवशी तिला ओळखलंस, उशिरा, आणि म्हणून मी आज भाकर खातेय. हे सुखाचं नाही. पण खरं आहे, आणि खऱ्यापासून तू पळू नयेस एवढं मला वाटतं.

परत डॉक्टरकी कर असं मी सांगणार नाही. कागद तपासणं हेही काम आहे. तुला ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी कर, नाही वाटलं तर नको करू. मी शाळेत इतकी वर्षं पोरं बघितली, हात धरून पाटीवर गिरवून घेता येतं, पण ते अक्षर त्याचं नसतं.

पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. दिवाळीला ये, सुट्टी दोन दिवसांची असली तरी ये. ते चिडणार नाहीत, थोडा वेळ उठून अंगणात जातील, नळाशी उगीच हात धुतील आणि परत येऊन बसतील. तेवढा वेळ मी तुझ्याजवळ आहे. आणि त्यांनी अँब्युलन्समध्ये गावं कशी सांगितली तेही त्यांना विचार. मला सांगायला लाजतात, तुला सांगतील.

एक मात्र कबूल कर. यापुढं असलं काही मनात असेल, कितीही वाईट असेल, तर मला उत्तर देता येईल अशा वेळी सांग. नुसतं ऐकत पडून राहणं फार अवघड असतं, संघा. श्वास नसण्यापेक्षाही अवघड. तू रडत होतीस आणि मला तुझ्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता.

आता हात चालतो.

त्या दुपारी जागी असलेली,
तुझी आई
बबिता